सूक्ष्म प्लास्टिक प्रदूषण आणि वनस्पतींची वाढ : मृदेच्या अंगाने एक चिकित्सा

बीजसंज्ञा : सूक्ष्म प्लास्टिक, मृदा, अंकुरण, मूळसंस्था, प्लास्टिक आच्छादन, मात्रा.

प्रस्तावना :

पाच मिलिमीटरपेक्षा लहान आकाराच्या प्लास्टिकच्या कणांना, तंतूंना व तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक असे संबोधले जाते. ही संज्ञा अभ्यासकांत रूढ होण्यास प्लायमाऊथ विद्यापीठातील रिचर्ड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला लेख मुख्यतः कारणीभूत ठरला. त्या लेखाचा विषय समुद्र हा होता आणि पुढील काही वर्षे या क्षेत्रातील संशोधन समुद्राभोवतीच फिरत राहिले. जमिनीवरील परिसंस्थांचे काय, हा प्रश्न बर्लिनच्या मुक्त विद्यापीठातील मथियास रिलिग यांनी २०१२ साली ठळकपणे उपस्थित केला. वनस्पतींवरील प्रत्यक्ष प्रयोगांना खऱ्या अर्थाने गती आली ती २०१८ नंतर. म्हणजे हे ज्ञानक्षेत्र अद्याप कोवळे आहे, ही गोष्ट पुढील विवेचन वाचताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय शिकविणाऱ्या प्राध्यापकांना आता सूक्ष्म प्लास्टिकचा उल्लेख टाळता येत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांमधून 'प्लास्टिकचे कण मुळांवाटे झाडात शिरतात व झाडाची वाढ खुंटते' असे एक सरसकट विधान मात्र वारंवार आढळते. हे विधान संपूर्णतः चुकीचे नाही. परंतु उपलब्ध प्रयोग जे सांगतात त्याच्या मानाने ते फारच ढोबळ आहे. काही प्रयोगांत वाढ खुंटलेली दिसते, काहींत ती झालेली दिसते, आणि काहींत प्लास्टिक झाडात शिरतच नाही, तरी झाडावर परिणाम होतो. या विसंगतीचा उलगडा मृदेच्या अंगाने विचार केल्यास बऱ्याच अंशी होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या दृष्टीने येथे मांडणी केली आहे.

शेतजमिनीत प्लास्टिक येते कोठून :

शेतात प्लास्टिक येण्याचे मार्ग अनेक आहेत. खताची व बियाण्याची विणलेली पोती, सुतळीऐवजी आलेली नायलॉनची दोरी, ठिबकच्या जुन्या नळ्या, रोपवाटिकेतील ट्रे, शहरातील कचऱ्यापासून तयार केलेले कंपोस्ट, सांडपाण्याचा गाळ, वाऱ्याबरोबर येणारे कपड्यांचे तंतू ही त्याची काही उदाहरणे होत. युरोपात व उत्तर अमेरिकेत सांडपाण्याचा गाळ शेतात टाकण्याची पद्धत असल्याने तेथे तो मोठा स्रोत मानला जातो. २०१६ साली नित्सेत्तो व सहकाऱ्यांनी मांडलेल्या अंदाजानुसार एकट्या युरोपातील शेतजमिनीत या मार्गाने दरवर्षी ६३ हजार ते ४ लाख ३० हजार टन सूक्ष्म प्लास्टिक जात असावे. कमाल व किमान आकड्यांमधील सातपट अंतर लक्षात घेतले तर हा अंदाज किती सैल आहे, हेही दिसून येते.

महाराष्ट्रातील भाजीपाला व फळपिकांच्या बाबतीत मात्र प्लास्टिक आच्छादनाचा, म्हणजेच शेतकऱ्यांच्या बोलीतील 'मल्चिंग पेपर'चा विचार आधी करावा लागतो. कलिंगड, टोमॅटो, मिरची यांच्या गादीवाफ्यांवर आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर चंदेरी-काळा कागद अंथरलेला दिसतो. नाव 'पेपर' असले तरी तो पॉलिथिनचा पातळ पापुद्रा असतो आणि भाजीपाल्यासाठी त्याची जाडी साधारणतः २५ ते ३० मायक्रॉन असते. त्याचे फायदे खरे आहेत. तण कमी उगवते, पाण्याची बचत होते, फळ मातीला टेकत नाही. खुरपणीची मजुरी न परवडणाऱ्या शेतकऱ्याला हा पापुद्रा सोडून द्या असे सांगणे सोपे नाही.

अडचण हंगाम संपल्यावर सुरू होते. उन्हातील अतिनील किरणांनी ठिसूळ झालेला पापुद्रा ओढताना फाटतो, मातीत दाबलेल्या कडा तेथेच राहतात, आणि पुढच्या मशागतीत रोटाव्हेटर त्यांचे बारीक तुकडे करून मातीत कालवतो. मातीत गाडल्या गेलेल्या तुकड्यांवर सूर्यप्रकाश पडत नाही, त्यामुळे पुढील विघटन अतिशय मंदावते. चीनमध्ये हा प्रश्न इतका तीव्र झाला की तेथे त्याला 'पांढरे प्रदूषण' असे नाव पडले. तेथे दीर्घकाळ वापरात असलेला ०.००८ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा गोळा करताना हातात येतच नसे. म्हणून २०१७ च्या राष्ट्रीय मानकाने किमान जाडी ०.०१० मिलिमीटर केली व ते मानक २०१८ पासून लागू झाले.

अळिवाचा प्रयोग :

वनस्पतीच्या आयुष्यात प्लास्टिकशी पहिली गाठ बीजावस्थेतच पडू शकते. या संदर्भात नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात बॉस्कर व सहकाऱ्यांनी केलेला व २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग विशेष बोलका आहे. त्यांनी निवडलेली वनस्पती लेपिडियम सटायव्हम, म्हणजे आपले अळीव. बाळंतिणीच्या लाडवांसाठी अळीव भिजत घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की पाणी लागताच या बियांभोवती बुळबुळीत आवरण तयार होते. हे जलद अंकुरणारे बी विषारीपणाच्या चाचण्यांसाठी पूर्वीपासून वापरले जाते.

संशोधकांनी ५०, ५०० व ४,८०० नॅनोमीटर अशा तीन आकारांचे चकाकणारे प्लास्टिक कण पाण्यात मिसळून त्यात बिया ठेवल्या. आठ तासांनंतर तिन्ही आकारांच्या कणांमुळे अंकुरण घटल्याचे आढळले आणि कण जितका मोठा तितकी घट अधिक होती. सर्वांत मोठ्या कणांच्या सर्वाधिक मात्रेत अंकुरणाचे प्रमाण ७८ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता कण बीजावरणाच्या छिद्रांवर साचलेले दिसले. म्हणजे येथे रासायनिक विषबाधेपेक्षा पाणी आत शिरण्याच्या वाटेतील अडथळा हे कारण अधिक संभवते.

तथापि या प्रयोगाचा उत्तरार्ध सहसा उद्धृत केला जात नाही. चोवीस तासांनंतर अंकुरणातील फरक नाहीसा झाला होता. मुळांच्या वाढीतील फरक चोवीस तासांना दिसला, परंतु अठ्ठेचाळीस व बहात्तर तासांना तो उरला नाही. अंकुरणाला विलंब झाला. अंकुरण थांबले नाही. कोरडवाहू शेतीत, जेथे पेरणीनंतरची ओल दोन-तीन दिवसच टिकते, तेथे काही तासांचा विलंबही महत्त्वाचा ठरू शकेल. पण तो स्वतंत्र प्रश्न आहे आणि पेट्री डिशमधील भरपूर पाण्यातील बिया त्याचे उत्तर देऊ शकत नाहीत.

मुळांवाटे प्रवेश :

वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनुसार मुळाची अंतस्त्वचा ही एक चाळणी आहे. पाणी व विरघळलेले क्षार तिच्यातून नियंत्रितपणे पुढे जातात; घन कणांना तेथे मज्जाव असतो. त्यामुळे प्लास्टिकचे कण मुळांत शिरू शकणार नाहीत असे बराच काळ गृहीत धरले गेले. २०२० साली 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात ली व सहकाऱ्यांनी गहू व लेट्यूस यांवरील प्रयोगांतून या गृहीतकाला छेद दिला. मुख्य मुळातून उपमूळ बाहेर पडते तेव्हा ते आतून बाहेरच्या थरांना फोडून येते. त्या ठिकाणी काही काळ बारीकशी फट राहते. सुमारे ०.२ मायक्रोमीटर आकाराचे पॉलिस्टायरिनचे कण या फटीतून आत शिरले आणि बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने जलवाहिन्यांतून वरच्या भागांपर्यंत पोहोचले. बाष्पोच्छ्वास वाढविला असता कणांचे शोषणही वाढले.

त्याच वर्षी 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'मध्ये अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धन विद्युत्भारित कण मुळाच्या टोकाशी कमी साचले, तरी त्यांनी रोपाच्या वाढीला अधिक बाधा आणली. ऋण विद्युत्भारित कण अधिक आत गेले, पण त्यांची बाधा तुलनेने कमी होती. साठा अधिक म्हणजे अपाय अधिक, हे समीकरण येथे लागू पडत नाही. तसेच २०२५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील संशोधनाने हवेतील कण पानांवाटेही वनस्पतीत शिरतात असे दाखवून दिले. पॉलिस्टर कारखाना व कचराभूमी यांच्या परिसरातील वनस्पतींच्या पानांत त्यांचे प्रमाण अधिक आढळले.

येथे आकाराचे भान सोडून चालणार नाही. मुळाच्या फटीतून शिरणारा कण मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढा आहे. शेतात डोळ्यांना दिसणारा मल्चिंगचा तुकडा त्याच्या कित्येक हजारपट मोठा असतो. तो मुळात शिरणार नाही. त्याचे कार्य मुळाबाहेर, मातीत चालते.

मातीच्या रचनेतील बदल :

शेतकरी माती हातात घेऊन चुरगाळतो तेव्हा तो तिच्या कणसमूहांची, म्हणजे वाळू, पोयटा, चिकणमाती व सेंद्रिय द्रव्य यांच्या एकत्र बांधणीची परीक्षा घेत असतो. या बांधणीतील पोकळ्यांमधून हवा व पाणी खेळते आणि मुळे वाट काढतात. नैऋत्य चीनमधील दियान सरोवराच्या परिसरातील मातीचा २०१८ मधील अभ्यास सांगतो की तेथे सापडलेल्या प्लास्टिक कणांपैकी सुमारे ७२ टक्के कण या समूहांमध्ये गुंतलेले होते आणि त्यांत तंतूंचे प्रमाण फार मोठे होते. म्हणजे प्लास्टिक मातीत नुसते पडून राहत नाही, तर तिच्या बांधणीचा भाग बनते.

याचा वनस्पतीवर काय परिणाम होतो, हे डी सूझा माशादो, रिलिग व सहकाऱ्यांच्या २०१९ मधील प्रयोगातून दिसते. पातीच्या कांद्याच्या कुळातील एक वनस्पती घेऊन त्यांनी सहा प्रकारच्या प्लास्टिकचा परिणाम तपासला. पॉलिस्टरच्या तंतूंमुळे मातीची स्थूल घनता घटली, पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढली आणि मुळांचे वजन वाढले. पॉलिअमाइडच्या मण्यांमुळे पानांतील नत्राचे प्रमाण वाढले. या प्लास्टिकमध्येच नत्र असल्याने त्यातील काही संयुगे झिरपली असावीत, ही शक्यता आहे. उरलेल्या प्लास्टिकचे परिणाम सौम्य होते. याच गटातील लोझानो व सहकाऱ्यांनी २०२१ साली गाजरावर बारा प्रकारचे प्लास्टिक तपासले, तेव्हाही पाल्याचे व मुळांचे वजन बहुतेक ठिकाणी वाढलेलेच आढळले. भुसभुशीत मातीत मुळांना वाट मोकळी मिळते, हे त्याचे एक सरळ स्पष्टीकरण आहे.

या निष्कर्षांचा अर्थ 'प्लास्टिक पिकाला हितकारक आहे' असा लावणे धोक्याचे आहे. कुंडीला नियमित पाणी मिळते. शेताला ते मिळतेच असे नाही. वान व सहकाऱ्यांनी २०१९ साली दोन चिकण मातींमध्ये पापुद्र्याचे तुकडे मिसळले असता बाष्पीभवनाचा वेग वाढल्याचे आढळले. तुकड्यांमुळे मातीत पाण्याच्या बाहेर पडण्यास सलग वाटा तयार झाल्या, तसेच मोठ्या तुकड्यांच्या मातीच्या पृष्ठभागावर सुकताना भेगा पडल्या. दख्खनच्या काळ्या मातीच्या संदर्भात हा निष्कर्ष प्रस्तुत लेखकाला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. रेगूर मृदा मुळातच उन्हाळ्यात भेगाळते. अशा भेगांतून पृष्ठभागावरील तुकडे नांगराच्या तासापेक्षाही खोल जाऊ शकतात आणि पावसाळ्यात माती फुगून भेग मिटली की तेथेच बंदिस्त होतात. बर्लिनच्या वालुकामय पोयट्यातील कुंडीवरून विदर्भ-मराठवाड्यातील कापसाच्या शेताचा अंदाज बांधता येणार नाही, तो याच कारणाने.

मातीतील सजीवांचीही येथे नोंद घ्यावी लागते. बूट्स व सहकाऱ्यांच्या २०१९ मधील प्रयोगात उच्च घनतेच्या पॉलिथिनमुळे मातीचा सामू घटला व तेथील गांडुळांचे वजन कमी झाले. गांडूळ दुबळे झाले की पोकळ्या, निचरा व पोषणद्रव्यांचे फिरते चक्र हे सर्वच बाधित होते. प्लास्टिकमधील प्लॅस्टिसायझरसारखी पूरक रसायने सूक्ष्मजीवांवर काय परिणाम करतात, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

जैवविघटनशील पर्यायाबाबत :

पॉलिथिनऐवजी जैवविघटनशील आच्छादन वापरावे, अशी शिफारस सर्रास केली जाते. परंतु वाखनिंगन विद्यापीठातील ची व सहकाऱ्यांनी २०१८ साली गव्हावर केलेल्या प्रयोगात मातीत एक टक्का तुकडे मिसळले असता स्टार्चयुक्त जैवविघटनशील पापुद्र्याने गव्हाच्या वाढीला साध्या पॉलिथिनपेक्षा अधिक बाधा आणली. त्याच मातीत गांडुळे सोडली असता गहू काही प्रमाणात सावरला. बूट्स यांच्या वर उल्लेखिलेल्या प्रयोगातही पॉलिलॅक्टिक आम्लाच्या कणांमुळे रायगवताचे बी कमी उगवले व त्याची उंची घटली. जो पदार्थ विघटित होतो तो विघटनकाळात मातीतील सूक्ष्मजीवांना कर्ब पुरवितो. असे झाले की सूक्ष्मजीव नत्र स्वतःकडे ओढतात व पिकाला तो कमी पडू शकतो. कच्चे शेणखत घातल्यावर पीक पिवळे पडते, तसाच हा प्रकार असू शकेल. तो तात्पुरता आहे की हंगामभराचा, यावर या पर्यायाची उपयुक्तता अवलंबून राहील.

मात्रेचा प्रश्न :

आतापर्यंत उल्लेखिलेल्या बहुतेक कुंडीप्रयोगांत प्लास्टिकची मात्रा मातीच्या वजनाच्या ०.१ ते २ टक्के इतकी आहे. ही मात्रा शेताच्या भाषेत किती होते, हे साध्या गणिताने पाहता येईल. एक हेक्टर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. तिच्यात एक टक्का प्लास्टिक म्हणजे २० हजार किलो. आता ३० मायक्रॉनचा पापुद्रा चौरस मीटरला सुमारे २८ ग्रॅम भरतो. हेक्टरपैकी ६ हजार चौरस मीटर क्षेत्र झाकले असे धरल्यास एका हंगामात सुमारे १६६ किलो प्लास्टिक लागते. त्यातील दहावा हिस्सा शेतात राहिला असे मानले तर एक टक्क्याची पातळी गाठण्यास बाराशे हंगाम लागतील. सर्वच्या सर्व पापुद्रा मातीत गाडला तरी १२० हंगाम लागतील.

प्रयोगशाळेतील एक टक्का हा आपल्या शेतातील आजचा एक टक्का नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या औद्योगिक भागातील मातीत ६.७ टक्क्यांपर्यंत प्लास्टिक आढळल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले आहे. पण ती शेतजमीन नव्हे. त्याचबरोबर वरील गणिताने निश्चिंत होण्याचेही कारण नाही. सर्व पापुद्रा गाडत राहिल्यास ०.१ टक्क्याची पातळी बारा हंगामांत येते आणि वर्षाला दोन पिके घेणाऱ्या बागायतदाराच्या बाबतीत हा काळ सहा वर्षांचा होतो. शिवाय हे प्लास्टिक शेतभर समान पसरत नाही. पापुद्र्याच्या गाडलेल्या कडा गादीवाफ्याच्या बाजूंना, म्हणजे पिकाची मुळे जेथे दाट असतात त्याच पट्ट्यात राहतात. त्या पट्ट्यातील मात्रा सरासरीच्या अनेकपट असू शकते. पापुद्रा काळजीपूर्वक गोळा करणारा शेतकरी व तो तेथेच नांगरून टाकणारा शेतकरी यांच्यात दहापट फरक पडतो, ही गोष्ट कृषी विस्ताराच्या दृष्टीने कोणत्याही बंदीच्या घोषणेपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

याच दृष्टीने २०२५ मध्ये 'पीएनएएस' या नियतकालिकात आलेल्या व वृत्तपत्रांनी उचलून धरलेल्या आकड्यांकडे पाहावे लागेल. ३,२८६ नोंदींच्या एकत्रित विश्लेषणावरून सूक्ष्म प्लास्टिकमुळे प्रकाशसंश्लेषण ७ ते १२ टक्क्यांनी घटते आणि भात, गहू व मका यांच्या जागतिक उत्पादनात सुमारे ४ ते १४ टक्के नुकसान होते, असा अंदाज त्यात मांडला आहे. हरितद्रव्यातील घट अनेक प्रयोगांत दिसली आहे व ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. मात्र कुंड्यांमधील नोंदींवरून पृथ्वीवरील शेतांचा हिशेब मांडताना मात्रेची शिडी फार काळजीपूर्वक चढावी लागते. वर्गात हा आकडा सांगताना त्यामागील पायरी विद्यार्थ्यांना दाखविणे इष्ट ठरेल.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी एक आराखडा :

वनस्पतिशास्त्र विभागाच्या मर्यादित साधनांतही या विषयावर उपयुक्त काम होऊ शकते. काळी माती व तांबडी माती अशा दोन मृदा घ्याव्यात. वापरलेल्या मल्चिंग पेपरचे कापून व चाळून एक ते पाच मिलिमीटरचे तुकडे करावेत. ०, ०.००१, ०.०१, ०.१ व १ टक्का अशा पाच मात्रा ठेवाव्यात, म्हणजे शेतातील व शोधनिबंधांतील मात्रा एकाच मालिकेत येतील. मेथी किंवा कांदा पेरून निम्म्या कुंड्यांना पुरेसे व निम्म्यांना तुटपुंजे पाणी द्यावे. तेवढ्याच आकारमानाचे जाड वाळूचे कण मिसळलेल्या काही कुंड्या तुलनेसाठी अवश्य ठेवाव्यात. मेथी वा कांदा वाळूतही तसाच वागला, तर परिणाम प्लास्टिकच्या रसायनाचा नसून माती सैल झाल्याचा आहे हे कळेल. सहा आठवड्यांनी रोपे उपटण्यापूर्वी प्रत्येक कुंडीतील मातीची स्थूल घनता मोजून घ्यावी. मुळे धुण्यासाठी माती एकदा मोकळी केली की ती मोजता येत नाही.